संमतिपत्रातली ती ओळ: पित्ताशय दुर्बिणीतून काढावे की पोट उघडून?

वाचकाचे पत्र: माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी त्या गेली वीस वर्षे खानावळ चालवतात. त्यांना मधुमेह आहे आणि पूर्वी गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन झालेले आहे. गेल्या चार महिन्यांत दोनदा, लग्नाच्या जेवणानंतर, मध्यरात्री उजव्या बरगडीखाली असह्य कळा आल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक खडे दिसले, सर्वांत मोठा १४ मिलिमीटरचा. सर्जन दुर्बिणीतून पित्ताशय काढू म्हणतात. पण संमतिपत्रात ‘गरज पडल्यास पोट उघडून’ अशी ओळ आहे. मोठे दीर म्हणतात, की ज्यांना स्वतःलाच खात्री नाही त्यांच्याकडे जायचेच कशाला? त्यापेक्षा सरळ पोट उघडून करून घ्यावे, डॉक्टरांना सगळे डोळ्यांनी दिसते. शेजारच्या काकांचे दुर्बिणीचे ऑपरेशन अर्ध्यावर सोडून पोट उघडावे लागले होते, तेव्हापासून घरात सगळेच घाबरले आहेत. आम्ही काय करावे? आणि सासूबाई पुन्हा खानावळीत केव्हा उभ्या राहू शकतील?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुम्ही पत्रासोबत सोनोग्राफीचा आणि रक्ततपासणीचा अहवाल पाठवलात, त्यामुळे मोघम न बोलता उत्तर देता येत आहे. सासूबाईंचे पित्ताशय दुर्बिणीतूनच काढायला घ्यावे, असे माझे मत आहे. संमतिपत्रातील ज्या ओळीने तुमचे घर धास्तावले आहे, ती ओळ मात्र खोडायला सांगू नका. मी शल्यचिकित्सक म्हणून पोट उघडण्याच्या काळात शिकलो आणि दुर्बीण पुढे हाती घेतली. दोन्ही वाटांनी शेकडो पित्ताशये काढल्यानंतर सांगतो, की ती ओळ लिहून घेणारा सर्जन मला ती न लिहिणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. असे का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दिरांची शंका चुकीच्या जागी असली तरी निराधार नाही.

आधी दोन गैरसमज बाजूला करू, कारण पत्र वाचताना ते घरात असावेत असे जाणवले. पहिला असा, की मुतखडा जसा फोडून काढतात तसा पित्तखडाही फोडून काढता येईल. मुतखड्याचे तुकडे लघवीवाटे निघून जातात. पित्तखड्याचे तुकडे मात्र अरुंद पित्तनलिकेत जाऊन अडकतात आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाची जीवघेणी सूज घडवू शकतात. शिवाय खडे तयार करणारी पिशवी जागेवर ठेवली तर खडे पुन्हा होतात, म्हणून पिशवीच काढावी लागते. गोळ्यांनी विरघळतात ते फक्त काही छोटे, कोलेस्टेरॉलचे खडे, आणि तेही पुष्कळदा पुन्हा होतात. १४ मिलिमीटरच्या खड्यासाठी त्या वाटेला जाऊ नये. दुसरा गैरसमज ‘लेझरचे ऑपरेशन’ या नावाचा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सहसा लेझर नसतो. विजेच्या उष्णतेने कापणारी आणि रक्त थांबवणारी कॉटरी, लांब दांड्यांच्या कात्र्या-चिमटे आणि पडद्यावर चित्र दाखवणारा कॅमेरा एवढीच सामग्री असते. पोटाच्या आत जे काम करायचे ते दोन्ही पद्धतींत अगदी एकच आहे: पित्ताशयाची नळी आणि त्याची रक्तवाहिनी ओळखायची, ती बंद करून कापायची, आणि पिशवी यकृतापासून सोडवून बाहेर काढायची. फरक आहे तो फक्त आत शिरण्याच्या वाटेचा.

पोट उघडून करण्याच्या वाटेला मोठा इतिहास आहे. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबूख यांनी पहिल्यांदा पित्ताशय यशस्वीपणे काढले आणि पुढची शंभर वर्षे जगभर तीच रीत चालली: उजव्या बरगडीखाली दहा-पंधरा सेंटिमीटरचा तिरका छेद, स्नायू कापून आत प्रवेश, आणि यकृत वर उचलून धरून हाताने काम. १९८५ मध्ये जर्मनीत एरिश म्यूहे यांनी आणि १९८७ मध्ये फ्रान्समधील लिऑं शहरात फिलिप मूरे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून दाखवले. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया यायला फार वेळ लागला नाही. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ती केली, आणि त्यांच्यामागे एक अख्खी पिढी ती शिकली. या पद्धतीत पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते, आणि बहुधा चार छिद्रांतून, बेंबीजवळचे सुमारे एक सेंटिमीटरचे आणि बाकीची अर्धा ते एक सेंटिमीटरची, सगळे काम होते.

दुर्बिणीचा खरा फायदा दिसतो तो बरे होण्यात. रुग्ण त्याच संध्याकाळी उठून बसतो, साधारणपणे दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि आठ-पंधरा दिवसांत हलक्या कामाला लागतो. मोठ्या छेदानंतर चार-सहा दिवस रुग्णालयात जातात आणि पूर्ववत व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. सासूबाईंच्या बाबतीत यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट जखमेची आहे. मधुमेहात मोठी जखम चिघळण्याचा धोका वाढतो, आणि चिघळलेल्या जखमेच्या जागी पुढे हर्निया होण्याची शक्यताही वाढते. बरगडीखालचा छेद प्रत्येक श्वासाला दुखतो, त्यामुळे रुग्ण खोकायला आणि खोल श्वास घ्यायला कचरतो, छातीत कफ साठतो, आणि वयस्कर माणसाला त्यातून न्यूमोनियाही होऊ शकतो. चार छोट्या छिद्रांत हे सगळे टळते असे नव्हे, पण पुष्कळ कमी होते. दुर्बिणीनंतर एक-दोन दिवस उजवा खांदा दुखतो, त्याने मात्र घाबरून जाऊ नका. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल ताणले जाते आणि ती वेदना खांद्यात जाणवते.

तरीही दुर्बिणीचे गुणगान एकतर्फी करणे मला मान्य नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथे झालेला आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यात दोनशे रुग्णांपैकी काहींचे पित्ताशय दुर्बिणीतून आणि काहींचे अगदी छोट्या छेदातून काढले, आणि कोणाचे कसे झाले हे शुश्रूषा करणाऱ्यांनाही कळू नये म्हणून सगळ्यांच्या पोटावर एकसारख्या पट्ट्या लावल्या. निष्कर्ष असा निघाला, की दुर्बिणीला वेळ जास्त लागला आणि रुग्णालयातील मुक्काम किंवा बरे होण्याचा वेग यांत तिला वेगळा फायदा मिळाला नाही. म्हणजे पोट उघडणे म्हणजे नेहमी हातभर जखमच, असे नाही. छोट्या छेदातून सफाईने काम करणारे हात ज्यांच्याकडे आहेत, ते रुग्णाला कमी त्रासात बरे करतात. आज असे हात कमी होत चालले आहेत, हे मी खेदाने लिहितो, कारण नव्या सर्जनांना साध्या पित्ताशयासाठी पोट उघडण्याची वेळच फारशी येत नाही.

आता दिरांच्या मुद्द्याकडे येतो. पोट उघडले की डॉक्टरांना सगळे डोळ्यांनी दिसते, हे त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. दुर्बिणीचा कॅमेरा आतले चित्र मोठे करून दाखवतो. यकृताची गडद तपकिरी कड, तिच्याखालून डोकावणारी निळसर-हिरवी पिशवी आणि मानेपाशी चरबीत दडलेली नळी जितकी स्वच्छ पडद्यावर दिसते, तितकी ती खोल पोटात वाकून पाहताना क्वचितच दिसते. पण पडद्यावरचे चित्र बहुधा सपाट असते, आणि बोटांना जे कळते ते चिमट्याच्या दांडीतून कळत नाही. त्यातून या शस्त्रक्रियेतील सर्वांत गंभीर चूक घडू शकते. पिशवी वर ओढून धरली की तिची छोटी नळी आणि यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका एका रेषेत येतात, आणि सूज असेल तर मुख्य नलिकाच पिशवीची नळी भासते. ती कापली गेली तर रुग्णाच्या पुढच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत अशी इजा साधारणपणे हजारात तीन ते पाच जणांना होते असे सांगितले जाते. पोट उघडून हे प्रमाण हजारात एक-दोन धरतात. फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मात्र दोन्ही आकडे लहान आहेत, आणि जखम, हर्निया, छातीचे विकार यांचा धोका पोट उघडण्यात बराच जास्त असतो, म्हणून एकंदर हिशेब दुर्बिणीच्या बाजूने जातो.

ही चूक टाळण्याची एक शिस्त अमेरिकेतील सर्जन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली. पिशवीच्या मानेजवळच्या त्रिकोणातील चरबी आणि पडदे पूर्ण साफ करायचे, पिशवीचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पिशवीकडे फक्त दोनच गोष्टी जात आहेत, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, हे समोरून आणि मागून दिसेपर्यंत काहीही कापायचे नाही. या तीन अटी पूर्ण होत नसतील तर पुढे जायचे नाही, हा नियम आहे. संमतिपत्रातील ती ओळ याच थांबण्यासाठी असते.

थांबणे म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या पित्ताशयासाठी मी दुर्बीण घातली. आत चरबीचा पडदा पिशवीवर ओल्या वर्तमानपत्रासारखा चिकटलेला होता. सोडवू जावे तिथे रक्त पाझरत होते, आणि अर्धा तास झाला तरी नळी कुठली आणि आतड्याची भिंत कुठली हे मला खात्रीने सांगता येत नव्हते. मी उपकरणे काढली, वायू सोडला आणि पोट उघडले. बोटांनी चाचपून वाट काढताना कळले, की पिशवीची मान मुख्य नलिकेला चिकटून एकजीव झाली होती. बाहेर आल्यावर त्यांच्या मुलाने विचारले, ‘फसलं का ऑपरेशन?’ त्याला मी स्टीलच्या ट्रेमधील जाड, पांढरट पडलेली पिशवी दाखवली आणि सांगितले, की ऑपरेशन झाले, वाट बदलली. ते गुरुजी दहाव्या दिवशी टाके काढून घरी गेले. तुमच्या शेजारच्या काकांचे नेमके काय झाले हे मी कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगू शकत नाही, पण केवळ पोट उघडावे लागले एवढ्यावरून डॉक्टरांकडे चूक होती असा निष्कर्ष काढू नका. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत शंभरातील पाचेक जणांना असे करावे लागते. तीव्र सूज असताना केल्यास हे प्रमाण त्याहून अधिक असते.

एक गोष्ट मात्र दिरांनाही सांगा: पोट उघडले म्हणून अवघड पित्ताशय सोपे होत नाही. चिकटलेले पडदे दोन्ही वाटांनी तसेच चिकटलेले असतात. कधीकधी शहाणपणाचा मार्ग असा, की मुख्य नलिकेजवळ जायचेच नाही; पिशवीचा बहुतेक भाग काढायचा, आतले खडे साफ करायचे आणि धोक्याच्या जागेचा छोटासा भाग तसाच सोडायचा. हे दुर्बिणीतूनही करता येते. सर्जनांनी तसे केले, तर त्यांनी काम अर्धे सोडले असे समजू नये.

सासूबाईंच्या अहवालात मला दुर्बिणीच्या आड येणारे काही दिसत नाही. पिशवीची भिंत जाड झालेली नाही, मुख्य नलिका ५ मिलिमीटरची म्हणजे सर्वसाधारण आहे, आणि रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारे द्रव्य, वाढलेले नाही. त्यामुळे मुख्य नलिकेत खडा अडकला असल्याची शंका कमी आहे. कावीळ असती किंवा नलिका फुगलेली असती, तर आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून, गरज पडल्यास तोंडावाटे दुर्बीण घालून तो खडा काढावा लागला असता. गर्भाशयाच्या ऑपरेशनचा व्रण बेंबीच्या खाली आहे, पित्ताशय वर आहे. बेंबीपाशी आतडे चिकटलेले असण्याची शक्यता राहते, म्हणून पहिले छिद्र बेंबीच्या वर किंवा नजरेखाली थर उलगडून करावे लागेल, आणि हे त्यांच्या सर्जनांना सांगून ठेवावे. पोट उघडण्याचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो तो वेगळ्या परिस्थितीत: पित्ताशयाच्या कर्करोगाची शंका असेल, यकृत खूप आक्रसून पोटातील शिरा फुगलेल्या असतील, किंवा हृदय-फुप्फुसे इतकी दुबळी असतील की पोटातील वायूचा दाब भूलतज्ज्ञांना धोक्याचा वाटेल. यांपैकी काही नाही.

उशीर मात्र करू नका. खडे असूनही ज्यांना कधीच दुखले नाही, त्यांनी बहुधा ऑपरेशन करू नये असे मी स्वतःच सांगतो. सासूबाईंना दोनदा कळा येऊन गेल्या आहेत, म्हणजे पुढचीही येणार असे धरावे. तिसऱ्या वेळी तापासह सूज आली, तर हेच काम घाईत आणि अधिक अवघड अवस्थेत करावे लागेल. मधल्या काळात तळलेले आणि तुपकट टाळावे, साखर आटोक्यात आणावी, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपणहून बंद न करता भूलतज्ज्ञांना विचारावे.

सर्जनांना भेटाल तेव्हा संकोच न करता चार गोष्टी विचारा. अशा किती शस्त्रक्रिया ते दरवर्षी करतात, आणि गरज पडल्यास पोट उघडण्याचा त्यांचा स्वतःचा अनुभव किती, हे दोन प्रश्न रोबो किंवा एका छिद्राच्या शस्त्रक्रियेच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत. तिसरा प्रश्न उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाचा: ती ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रातून) किंवा ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने निर्जंतुक होतात, की औषधी द्रावणात थोडा वेळ बुडवून नळाच्या पाण्याने धुतली जातात? आपल्या देशात छिद्राच्या जागी तीन-चार आठवड्यांनी गाठ येऊन पाझरणारी, महिनोन्महिने औषधे घ्यावी लागणारी एक चिवट लागण ठाऊक आहे. क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी असलेले ते जंतू अशाच नीट निर्जंतुक न झालेल्या उपकरणांवरून येतात. चौथी गोष्ट, काढलेली पिशवी. आपल्याकडे नातेवाइकांना खडे बाटलीत घालून देतात, ते अवश्य घ्या, पण पिशवी तपासणीसाठी पॅथॉलॉजीत जाईलच याची खात्री करा आणि अहवाल आणायला विसरू नका. क्वचित एखाद्या पिशवीत न दिसलेला कर्करोग निघतो. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया आणि ते रुग्णालय बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला तारीख ठरवण्याआधी विचारा.

घरी आणल्यावर एक साधी खूण लक्षात ठेवा. दुर्बिणीनंतर रुग्ण रोज आदल्या दिवसापेक्षा बरा दिसला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगले, दुखणे वाढत गेले, ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर ‘ऑपरेशन झालंय, दुखणारच’ असे म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पित्त गळत असेल तर ते वेळेवर कळण्यातच रुग्णाचे हित असते.

जेवणाबद्दल तुम्हाला काळजी वाटणे स्वाभाविक आहे. पित्त यकृतात तयार होते, पिशवीत ते केवळ साठते, त्यामुळे पिशवी गेल्यावरही अन्न पचते. पहिले काही आठवडे काहींना तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचास होते, तेवढ्यापुरते थोडे-थोडे आणि बिनतेलाचे खावे. नंतर वेगळे पथ्य लागत नाही, मधुमेहाचे जे आहे तेच पाळावे.

खानावळीत सासूबाई दहा-बारा दिवसांनी गल्ल्यावर बसू शकतील आणि भाजीची चव पाहून मीठ-तिखट सांगू शकतील. पोळ्या लाटायला दोन ते तीन आठवडे द्या. आमटीचे भरलेले पातेले, पाण्याची कळशी आणि गॅसचा सिलिंडर यांना मात्र चार ते सहा आठवडे हात लावू देऊ नका, कारण बेंबीजवळच्या छिद्रातून हर्निया होतो तो अशाच उचलाउचलीत. पोट उघडावे लागलेच, तर हा काळ तीन महिन्यांपर्यंत धरा आणि त्या काळासाठी वाढप्याला आणि पोळ्या करणाऱ्या बाईंना आतापासूनच सांगून ठेवा. मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर वाट कोणतीही घ्यावी लागली, तरी घरी परतलेल्या सासूबाईंना उठून पातेले उचलण्याची घाई होणार नाही.